परतवारीचे पाथेय

आषाढीचा सोहळा आटोपून वारकरी पंढरीहून गावाकडे परततात आणि आषाढ वद्य एकादशीला आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी येथे परतवारीचा मेळा भरतो. कयाधूच्या काठचे हे गाव परंपरेने संतशिरोमणी नामदेवरायांचे जन्मस्थान मानले जाते. ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही, तेही येथे माथा टेकून वारी पुरी झाल्याचे समाधान पावतात. शेतीच्या कामांतून काढलेली ही एक दिवसाची उसंत. कुटुंबेच्या कुटुंबे त्या दिवशी घराबाहेर पडतात. अशा प्रसंगी भक्तिमाहात्म्य लिहावे, ही रीत. आज आम्ही पोटाविषयी लिहीत आहोत. आणि हा विषय भक्तीबाहेरचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

‘उपवास’ या शब्दाचा अर्थ जवळ राहणे, अर्थात देवाच्या सन्निध राहणे. अन्नाचा व्याप कमी करावा तो याचसाठी. परंतु ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच निर्माण केली आणि इमानाने पाळलीही! सकाळी तुपातली खिचडी, दुपारी तळलेल्या पापड्या, सायंकाळी बटाट्याचा चिवडा, आणि यात्रेत जागोजाग वाटला जाणारा फराळ निराळाच. नवल असे की, साबुदाण्याचा कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील. युरोपीय दर्यावर्दी तिकडे पोहोचले १४९२ साली. नामदेवरायांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. म्हणजे आज ज्यावाचून आपली एकादशी अडते, त्यांतील एकही जिन्नस नामदेवरायांनी पाहिलेला नव्हता. साबुदाणा हे तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याने पोट भरते, शरीराचे पोषण मात्र फारसे होत नाही.

पूर्वीचा वारकरी दिवसभर पायी चालत असे. त्याने खाल्लेला शेंगदाण्याचा लाडू अंगी लागत असे. आजचा यात्रेकरू जीपमधून थेट मंदिराशी उतरतो आणि फराळ मात्र पायी वारी करणाऱ्याचा करतो. चालणे सुटले आणि खाणे तेवढे राहिले, असा हा व्यवहार आहे. त्यात हा पावसाळा. या ऋतूत जठराग्नी मंदावतो, असे चरकाचार्यांनी ऋतुचर्येत सांगितले आहे. पोटाचा एक भाग घन अन्नाने व एक द्रवाने भरावा आणि तिसरा वातादी दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवावा, हेही त्यांचेच सांगणे.

भगरीविषयी विशेष सावध राहावे. दमट हवेत भगरीवर ‘अस्परजिलस’ जातीची बुरशी धरते आणि तीतून विषारी द्रव्य निर्माण होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे, एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर दोन हजारांच्या आसपास माणसांना विषबाधा झाली. प्रसाद वाटणाऱ्यांचा हेतू शुद्धच असतो. पण हेतूच्या शुद्धीने धान्य शुद्ध होत नाही. भगर बंद पाकिटातील, तारीख पाहून घ्यावी. सुटी वा दळलेली घेऊ नये. ती निवडून, स्वच्छ धुऊन लागेल तेवढीच शिजवावी आणि ताजी असतानाच वाढावी. पीठ हवे असल्यास घरीच दळावे, आणि साठवून ठेवू नये.

आता आमचाच एक अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी एका एकादशीच्या कीर्तनात आम्ही निर्जळ उपवासाचा महिमा रंगवून सांगत होतो. साथीला बसलेले मृदंगवादक आमचे जुने स्नेही. त्यांना मधुमेह. सकाळी त्यांनी औषधाची गोळी घेतली होती. पण पोटात अन्नाचा कण नव्हता. बघता बघता त्यांचे बोल चुकू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला आणि ते मृदंगावरच कलंडले. श्रोत्यांतील एका माउलीने धावत येऊन साखरेचे पाणी पाजले, म्हणून प्रसंग निभावला. शुद्धीवर आल्यावर ते एवढेच म्हणाले, “बुवा, तुमच्यासमोर खाण्याची लाज वाटली.” ते शब्द आजही आमच्या कानांत आहेत. ज्या शास्त्राची आम्ही ग्वाही देत होतो, त्याच शास्त्राने पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असा निर्वाळा दिला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी गणल्या आहेत, त्यांत हे सारे येते. हे वचन आम्हांस पाठ होते. सांगण्याचे तेवढे आम्ही विसरलो होतो.

म्हणून यंदा नर्सीस येणाऱ्यांस आमची हात जोडून विनंती आहे. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी गाडी अलीकडेच ठेवून शेवटचा कोसभर नामस्मरण करीत चालावे. फराळ एकदाच आणि बेताचा करावा. केळे, दूध, ताक किंवा रताळे पुरेसे आहे. पाणी उकळून गार केलेले जवळ बाळगावे. मधुमेही, गर्भवती, वृद्ध व लेकरे यांनी उपाशी राहू नये. औषध चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि आम्हां कीर्तनकारांनी व्यासपीठावरून हे स्पष्ट सांगावे.

बाळ नामदेव नैवेद्याचे ताट घेऊन विठ्ठलापुढे हटून बसले आणि देव जेवला तेव्हाच उठले, ही कथा आपल्या घराघरांत सांगतात. ज्या भक्ताला आपला देवही उपाशी राहिलेला सोसला नाही, त्याच्या दारी कोणी भुकेने कोसळावे अथवा अतिखाण्याने आजारी पडावे, हे शोभणारे नाही.