जंबुपार लेझर हवा की जंबुपार दिवा?

वनौषधींच्या ओळखीसाठी आधुनिक उपकरणांचे साहाय्य घ्यावे, याविषयी आपल्या व्यवसायात आता फारसे दुमत उरलेले नाही. मतभेद आहे तो कोणते उपकरण, किती खर्चाचे आणि कोणी घ्यावे, एवढ्यापुरताच. हडपसर परिसरातील लहान फार्मसीचालक व पदव्युत्तर विद्यार्थी यांच्या बोलण्यात अलीकडे एक प्रश्न वरचेवर येतो : चूर्णांच्या अनुस्फुरणाचा प्रयोग करावयाचा आहे, त्यासाठी परवडणारा जंबुपार लेझर कोठे मिळेल? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर बाजारात शोधण्यापूर्वी प्रयोगाच्या गरजेत शोधावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डोळ्यांस न दिसणारा जंबुपार, म्हणजेच अतिनील, प्रकाश पडला असता काही द्रव्ये दृश्य रंगाने उजळतात. यासच अनुस्फुरण किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. त्वग्विकारांत वूडचा दिवा वापरणाऱ्या वैद्यांना हे नवीन नाही. चूर्णित वनौषधींच्या परीक्षणासाठी या गुणाचा पद्धतशीर उपयोग चेस व प्रॅट यांनी १९४९ साली मांडला. रेवंदचिनीचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकांतील आहे. औषधकोशांना मान्य असलेल्या चिनी रेवंदचिनीचे चूर्ण जंबुपार प्रकाशात मखमली तपकिरी दिसते. भेसळीचे रॅपोन्टिक जातीचे मूळ त्यातील रॅपोन्टिसिनमुळे तेजस्वी निळसर दिसते. आपल्या दर्शनपरीक्षेचाच हा विस्तार होय.

आता लेझरांकडे वळू. नायट्रोजन लेझर १९६३ सालापासून ज्ञात असून त्याची तरंगलांबी ३३७ नॅनोमीटर आहे. त्याची रचना सुटसुटीत असल्याने हौशी प्रयोगकारांनीही तो घरी बांधला आहे. परंतु त्यास हजारो व्होल्टचा विद्युत्भार लागतो. त्यातील धारित्राचा एक धक्काही प्राणघातक ठरू शकतो. म्हणून फार्मसीच्या मागच्या खोलीत हा उद्योग करू नये. हेलियम-कॅडमियम लेझर ३२५ नॅनोमीटरचा अखंड किरण देतो, पण त्याच्या नळीचे आयुष्य मर्यादित असते. निओडिमियम-याग लेझरचा तिसरा गुणक ३५५ नॅनोमीटरचा असतो. यंत्र उत्तम, मात्र किंमत लहान व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेरची. जुन्या वस्तुमान-वर्णपटमापकांतून निघालेले नायट्रोजन लेझर कधी कधी स्वस्तात मिळतात. तथापि त्यांतील वायूची बंद कुपी संपत आलेली असेल, तर ती स्वस्ताई महागात पडते.

राहता राहिला ४०५ नॅनोमीटरचा अर्धवाहक लेझर. २००६ साली ब्लू-रे तबकड्या बाजारात आल्यानंतर तो स्वस्त झाला. विक्रेते त्यास सर्रास जंबुपार म्हणतात. वस्तुतः तो जांभळ्या दृश्य प्रकाशाच्या काठावर आहे. हरितद्रव्याची लाल चमक पाहण्यास तो पुरेसा आहे. परंतु ३६६ नॅनोमीटरखाली नोंदवलेल्या प्रमाण-रंगांशी त्याच्याखाली दिसणारे रंग ताडून पाहता येणार नाहीत.

येथे मूळ मुद्दा येतो. लेझरचे वैशिष्ट्य म्हणजे एकच नेमकी तरंगलांबी आणि सूक्ष्म, एकाग्र किरण. वनौषधींचे अनुस्फुरण मात्र कित्येक दशक नॅनोमीटर पसरलेले असते. उद्दीपक प्रकाश दहा-बारा नॅनोमीटर रुंद असला तरी निष्कर्षात सहसा फरक पडत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी लेझरची किंमत मोजावयाची, तो गुण या प्रयोगात वायाच जातो. २५४ व ३६६ नॅनोमीटरच्या दिव्यांची साधी पेटी, अथवा ३६५ नॅनोमीटरचा एलईडी दिवा, हे काम अल्प खर्चात करतो. पातळ थर वर्णलेखनाची पट्टी पाहण्यासही तीच पेटी उपयोगी पडते. चूर्ण कोरडे, तसेच पाणी, मद्यार्क, अल्कली व आम्ल यांत भिजवून, दिवसाच्या प्रकाशात आणि दोन्ही दिव्यांखाली पाहावे व रंग नोंदवावा. ते साध्या पांढऱ्या कागदावर ठेवू नये, कारण कागदातील शुभ्रकारक स्वतःच निळा चमकतो. डोळ्यांवर जंबुपार-रोधक चष्मा असावा. न दिसणारा प्रकाश डोळ्यांस इजा करीत नाही, हा समज घातक आहे.

या परीक्षेच्या मर्यादाही जाणाव्यात. दारुहरिद्रेतील बर्बेरीन पिवळे चमकते. पण दक्षिणेत दारुहरिद्रा म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉसिनियम वेलीतही बर्बेरीनच असते. चमक बर्बेरीनची साक्ष देते, वनस्पतीची नव्हे. तसेच शिसे, पारा, आर्सेनिक यांविषयी हा दिवा काहीच सांगत नाही. २००४ साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर निर्यातीच्या वनौषधींसाठी ही तपासणी आवश्यक झाली. शिल्लक पैसा असेल तर तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील धातुपरीक्षणावर आधी खर्च व्हावा.

लेझर निरुपयोगी आहे, असे कोणी समजू नये. अनुस्फुरण किती नॅनोसेकंद टिकते हे मोजावयाचे असेल, किंवा सूक्ष्मदर्शकाखाली एकाच पेशीवर प्रकाश टाकावयाचा असेल, तर लेझरची खरी गरज भासते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने नायट्रोजन लेझरच्या आधारे कर्करोगनिदानाचे संशोधन केले, ते याच शक्तीवर. परंतु असा प्रयोग विद्यापीठाच्या अथवा राष्ट्रीय संस्थेच्या प्रयोगशाळेत, तेथील तज्ज्ञांच्या सहकार्याने व्हावा. पुण्यात अशा संस्थांची वाण नाही. प्रत्येकाने स्वतंत्र लेझर विकत घेण्यापेक्षा प्रयोगाचा आराखडा घेऊन त्यांचे दार ठोठावणे अधिक शहाणपणाचे.

आपल्याकडे खरी उणीव प्रकाशाची नसून प्रमाण-नमुन्यांची आहे. खात्रीचे मूळ द्रव्य शेजारी ठेवल्याशिवाय कोणताही रंग काहीच सिद्ध करीत नाही. २००० साली अधिसूचित झालेल्या परिशिष्ट ‘टी’नुसार प्रत्येक निर्मात्यास गुणनियंत्रणाची सोय स्वतःकडे अथवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेमार्फत करावी लागते. ही सोय केवळ कागदावर न राहता उपयोगी पडावी, यासाठी हडपसर व परिसरातील फार्मसींनी वर्गणी काढून एक दिव्याची पेटी घ्यावी. नित्य वापरातील पन्नास द्रव्यांचे नमुने आघारकर संशोधन संस्थेसारख्या संस्थेकडून ओळख पटवून एकत्र ठेवावेत आणि प्रत्येकाच्या रंगांची नोंदवही सर्वांस खुली असावी. माळवाडीच्या सुमतीभाई शाह आयुर्वेद महाविद्यालयासारख्या जवळच्या संस्थेने या कामी जागा व मार्गदर्शन दिल्यास विद्यार्थ्यांसही त्याचा लाभ होईल.

रुग्ण आपल्या चूर्णावर विश्वास ठेवतो, आपल्या यंत्रावर नव्हे. तो विश्वास राखण्यास महागडा किरण लागत नाही. खात्रीचा नमुना, साधा दिवा आणि प्रामाणिक नोंद एवढे पुरते. सभासदांनी या सूचनेचा अवश्य विचार करावा, ही विनंती.