रिकामी बरणी

गेल्या मंगळवारी बाजारातून बरणी रिकामीच परत आणली. बरणी चिनी मातीची, माझ्या सासूबाईंची. दर महिन्याला तीत दोन किलो करडईचं तेल यायचं. आता येणार नाही.

तेल देणारा माझा विद्यार्थी. नाव सांगत नाही, कारण त्याला आधीच पुरेसा त्रास झालाय. सातवी ते दहावी माझ्या वर्गात होता. निबंधात "शेतकरी जगाचा पोशिंदा आहे" असं लिहायचा आणि शुद्धलेखनाचे दहा-बारा गुण घालवायचा. पुढे शेतीच केली. चार एकर कोरडवाहू, रब्बीत करडई नि हरभरा. व्यापारी करडईला देईल तो भाव घ्यायचा, हे किती वर्षं करायचं म्हणून कर्ज काढून त्याने लाकडी घाणा बसवला. (बैलाचा नव्हे हो, मोटरीवरचा. पण लाट लाकडाचीच.) मंगळवारी बाजारात एक डबा, एक माप आणि वजनकाटा घेऊन बसायचा. गिऱ्हाईक आपापली भांडी घेऊन यायचं. पेंडही विकली जायची. चार वर्षं बरं चाललं होतं.

मग कोणी साहेब आले. त्यांनी सांगितलं की सुटं तेल विकता येत नाही, कायद्याने बंदी आहे. बाटली हवी, सील हवं, लेबल हवं, नोंदणी हवी. आज समज देतो, पुढच्या वेळी कारवाई.

"बाई, मी काय विष विकत होतो का?" त्याने मला विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं फळ्यासमोर काढलेल्या माणसाला उत्तर देता आलं नाही की झोप लागत नाही. नातवाकडून कायदा छापून घेतला आणि शब्दकोश घेऊन बसले. मी मराठीतून बी.ए. झालेली बाई, कायद्याच्या इंग्रजीने घाम फोडला. पण वाचला. जे कळलं ते सांगते.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याआधी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता, फळांच्या पदार्थांसाठी १९५५ चा वेगळा आदेश, दुधासाठी १९९२ चा वेगळा. ते सगळं या एका कायद्यात आणलं. ठीक. आता गंमत बघा. या कायद्याचं कलम १८, पोटकलम ३ म्हणतं की हा कायदा शेतकऱ्याला, त्याच्या शेतीकामाला आणि शेतावर पिकवलेल्या मालाला लागू नाही. मच्छीमारालाही नाही. म्हणजे ज्याने कायदा लिहिला त्याला शेतकरी आणि कारखानदार यांतला फरक कळत होता!

मग अडलं कुठे? करडईचं बी विकलं तर तो शेतकरी. तेच बी घाण्यात घातलं की तो "अन्न व्यवसाय चालक". माणूस तोच, शेत तेच, गिऱ्हाईक तेच. बदललं इतकंच की आता चार पैसे त्याच्या पदरात पडू लागले. कच्चा माल स्वस्तात विकेपर्यंत तो पोशिंदा. त्या मालाची किंमत स्वतः वाढवायला निघाला की त्याच्यावर नजर. दही, तूप, काकवी, पापड, कुरडया... सगळ्यांची हीच गत.

"अहो बाई, नोंदणी तर शंभर रुपयांत होते," असं एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ऐकवलं. खरं आहे. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान विक्रेत्याला परवाना नको, नोंदणी पुरे, आणि शुल्क वर्षाला १०० रुपये असंच ठरवलं होतं. नोंदणीला माझा विरोध नाही. कोण काय विकतो हे सरकारला माहीत असावं. पण आपल्याकडे म्हण आहे ना, घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं. शंभर रुपयांच्या कामासाठी आमच्या शिंगराने तालुक्याला तीन हेलपाटे घातले. तीन दिवसांची मजुरी बुडाली. अर्ज भरून देणाऱ्याने दीड हजार मागितले ते वेगळेच.

आणि नोंदणी झाली तरी सुट्या तेलाची बंदी उठत नाही. ती २०११ च्याच दुसऱ्या नियमावलीत आहे. खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकायचं. त्या पॅकिंगवर नाव, पत्ता, घटक, पोषणमूल्यं, वजन, बॅच क्रमांक, तारीख, हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक, कमाल किंमत. महिन्याला साठ-सत्तर किलो तेल विकणाऱ्याने बॅच क्रमांक कशाचा घालायचा? मंगळवारचा? लेबल छापणारा हजारांच्या खाली ऑर्डर घेत नाही. आणि त्या लेबलात चूक झाली, तर कायद्याच्या कलम ५२ मध्ये ३ लाखांपर्यंत दंड लिहून ठेवलाय. इतका दंड कोणी करणार नाही, हे मला कळतं. पण माझ्या या विद्यार्थ्याचं शुद्धलेखन मी तपासलेलं आहे. तो आकडा ऐकूनच तो घरी बसला.

आता दुसरी बाजू. ती न सांगता पुढे गेले तर मी शिक्षिका कसली?

ही बंदी कोणाच्या लहरीतून आलेली नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोत्र्याच्या, म्हणजे पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. लोकांचे पाय सुजले, साठाहून अधिक माणसं गेली. सरकारने सुट्या मोहरीच्या तेलावर बंदी घातली. त्या घरांतल्या माणसांना जाऊन "सरकार उगाच नाक खुपसतं" असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. तुमचीही नसावी.

आणि खेड्यातला माणूस म्हणजे हरिश्चंद्र, असंही मी म्हणणार नाही. आमचा गवळी वीस वर्षं ओळखीचा होता आणि वीस वर्षं दुधात पाणी घालत होता. पावसाळ्यात जास्त. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे. शिवाय काही दोष तर विकणाऱ्यालाही दिसत नाहीत. ओलसर राहिलेल्या शेंगदाण्यात बुरशी धरते, तिचं विष ना वासाने कळतं ना चवीने. तेव्हा "आम्ही एकमेकांना ओळखतो" हे प्रयोगशाळेला उत्तर नाही. एवढं मी मान्य करते.

पण मग मला सांगा, लेबल हे तरी त्याला उत्तर आहे का? बॅच क्रमांक छापल्याने शेंगदाण्याची बुरशी जाते का? लेबल कशासाठी असतं? माल कोणी केला हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं म्हणून. कारखाना गुजरातेत, घाऊक व्यापारी मुंबईत, दुकान आमच्या चौकात. मधे पाच हात. कोणाचा हात कुठे घसरला हे शोधायचं तर कागद हवा. दिल्लीत शंभर घरांत एकाच वेळी विष पोचलं ते माल असा हातोहात गेला म्हणूनच. तिथे सील हवं, लेबल हवं, कडक शिक्षाही हवी. मंगळवारच्या बाजारात मात्र लेबल समोर बसलेलं असतं. त्याचं गाव मला ठाऊक, आई ठाऊक, दहावीचे गुण ठाऊक. तेल खराब निघालं तर पुढच्या मंगळवारी मी त्याच्यासमोर उभी असणार. तिथे गरज आहे ती तपासणीची. आणि नेमकी तीच कोणी करत नाही! त्या साहेबांनी डबा पाहिला, बाटली नाही हे पाहिलं, लेबल नाही हे पाहिलं. तेलाचा नमुना घेतला नाही. म्हणजे तेल चांगलं की वाईट हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या डोक्यातच नव्हता.

मला मोडता येतील असे नियम नकोत असं नाही. मला नेमके नियम हवेत. वर्गात एकाने कॉपी केली म्हणून साऱ्या वर्गाला उठाबशा काढायला लावणारे शिक्षक मी पाहिलेत. त्यांच्या वर्गात कॉपी कमी झाल्याचं कधी पाहिलं नाही.

नियमन शेतकऱ्याच्या भल्यासाठी, हे वाक्यही आपल्याकडे जुनं आहे. वऱ्हाडात कारंजा इथे १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, कापसाचा. १८९७ साली वऱ्हाडासाठी कायदाही आला. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा होता असं मी इतिहास शिकवताना कधी सांगितलं नाही. त्यांना गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता. स्वतंत्र महाराष्ट्राने १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा केला तो मात्र खरोखर चांगल्या हेतूने. काटा मारणारा व्यापारी, मनमानी अडत, रुमालाखाली बोटं धरून ठरवलेले भाव, यांतून शेतकरी सुटावा म्हणून. आणि पुढे काय झालं? ज्या आवाराने त्याचं रक्षण करायचं, त्याच आवाराच्या फाटकाबाहेर विकणं अवघड होऊन बसलं. शरद जोशी आयुष्यभर हेच ओरडून सांगत होते. त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही, पण हे पटायचं.

शेवटी जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. व्यापाऱ्यांनी संप केला, भाजी मिळणार नाही म्हणून ओरड झाली. मिळाली की नाही? त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम सरकारनेच काढली. त्याआधी पंजाबात १९८७ साली "अपनी मंडी", आंध्रात १९९९ साली "रयतु बाजार", त्याच वर्षी तमिळनाडूत "उळवर संदै". तिथे सरकारने काय केलं? शेतकऱ्याला ओळखपत्र दिलं, बसायला जागा दिली, काटे दिले. म्हणजे सरकारला हे जमतं. भाजीला जमतं, मग तेला-तुपाला का नाही?

परदेशाचा दाखला दिल्याशिवाय आपल्याकडे कोणाला पटत नाही, म्हणून तोही देते. युरोपातला २००४ चा अन्न-स्वच्छतेचा नियम स्पष्ट म्हणतो की शेतकऱ्याने आपला थोडासा कच्चा माल थेट ग्राहकाला दिला तर हा नियम लागू नाही. अमेरिकेत २०११ साली मोठा अन्नसुरक्षा कायदा झाला तेव्हा लहान शेतकऱ्यांसाठी वेगळी सवलत ठेवली. वार्षिक विक्री ५ लाख डॉलरच्या आत, आणि निम्म्याहून जास्त माल थेट ग्राहकाला किंवा जवळपासच्या दुकान-हॉटेलांना जात असेल, तर विकण्याच्या जागी आपलं नाव-पत्ता लावायचा. ती सवलत मिळालेल्याकडून रोगराई पसरली तर सवलत काढून घेता येते. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. आधी विश्वास, चूक झाली तर जाब.

तर माझं मागणं फार नाही.

एक. सुट्या तेलाच्या बंदीतून एखाद्या तेलाला ठरावीक मुदतीसाठी सूट देण्याचा अधिकार त्याच नियमात राज्य सरकारला दिलेला आहे. स्वतःच्या शेतातलं बी स्वतःच्या घाण्यावर गाळून आपल्या तालुक्यात समोरासमोर विकणाऱ्यासाठी तो वापरा. मर्यादा घाला, हरकत नाही.

दोन. लेबलाऐवजी पाटी. नाव, गाव, नोंदणी क्रमांक आणि पदार्थ कधी केला ते. खडूने लिहिली तरी चालेल, खडूवर माझा विश्वास आहे.

तीन. फिरत्या प्रयोगशाळेच्या गाड्या सरकारकडे आहेत. त्यांतली एखादी महिन्यातून एकदा मंगळवारच्या बाजारात पाठवा. नमुने घ्या, निकाल सगळ्यांसमोर लावा. खोटा असेल त्याला उठवा. माझा विद्यार्थी निघाला तर त्यालाही.

चार. नोंदणी गावात करा, मराठीतून करा.

काल तो घरी आला होता. घाणा तीन आठवडे बंद आहे, हप्ता मात्र चालू आहे. सगळी करडई व्यापाऱ्याला घालतो म्हणाला. मी म्हटलं, "असं कर, करडई मला वीक. ती माझी झाली. मग तू ती फक्त गाळून दे, गाळणावळ घे."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा. "बाई, हे तरी कायद्यात बसतंय का, ते कुणाला इचारू?"

खरंच, कोणाला विचारायचं? शेवटी चहा ठेवला आणि दोघांनी मिळून नोंदणीचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. सोबत सरकारला एक निवेदनही लिहिलं, वर मागितलेल्या चार गोष्टींचं. या वेळी शुद्धलेखन मीच तपासलं. बाजारातल्या एकतीस गिऱ्हाइकांनी सह्या करायचं कबूल केलंय. तुमच्या गावच्या बाजारात काय चालतं, साहेब येतात का, आणि आले तर तेल तपासतात की बाटली, तेवढं मला जरूर कळवा.