दुकानदार जन्मतारीख बघतो, व्हिसा बघत नाही

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनो, आणि पुण्या-नाशिकात बसून ऑगस्टच्या विमानाची तिकिटं शोधणाऱ्या आईबाबांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. आजच वाचा. वाचून झालं की मुलांना फोन लावा. मेसेज टाकू नका, फोनच लावा.

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावरचं गांजाचं दुकान डोळ्यांसमोर आणा. मोबाइलच्या दुकानासारखं लख्ख. दारात एक माणूस ओळखपत्र मागतो. आपला तेवीस वर्षांचा मुलगा नुकताच एम.एस.ला आलेला, इथलं लायसन्स अजून हातात नाही, म्हणून तो निळा पासपोर्ट काढतो. दारावरचा माणूस जन्मतारीख बघतो, एकवीस पूर्ण आहेत एवढं मोजतो, हसतो आणि आत सोडतो. त्याच पासपोर्टात काही पानं पुढे विद्यार्थ्यांचा एफ-1 व्हिसा चिकटवलेला आहे. ते पान तो उलटत नाही. त्याला त्याचं काय? ज्याला आहे, तो अधिकारी विमानतळावर बसलेला असतो, आणि तो नेमकं तेच पान उघडतो.

न्यू जर्सीच्या मतदारांनी नोव्हेंबर 2020 मध्ये मौजेखातर गांजा ओढायला मान्यता दिली आणि 21 एप्रिल 2022 ला विक्री सुरू झाली. कॅलिफोर्नियात ती 2018 पासून चालू आहे. आता अशी 20हून अधिक राज्यं आहेत. पण हे सगळे राज्यांचे कायदे. संघराज्याच्या कायद्यात मौजेचा गांजा आजही गुन्हाच आहे. आणि तुमचा व्हिसा, तुमचं ग्रीन कार्ड, तुमचं नागरिकत्व यांतलं काहीही ट्रेंटन किंवा सॅक्रामेंटो या राज्यांच्या राजधान्यांत ठरत नाही. ते सगळं वॉशिंग्टनच्या हातात. संघराज्याच्या अमली पदार्थांच्या यादीतली गांजाची श्रेणी बदलण्याच्या बातम्या 2024 पासून तुम्ही ऐकत असाल. त्यांच्यावर विसंबू नका. श्रेणी खाली आली म्हणून मौजेचा गांजा मोकळा होत नाही.

म्हणून मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगा: जोवर तू अमेरिकेचा नागरिक नाहीस, तोवर हात लावायचा नाही. पार्टीत नाही, सहलीत नाही, "एकदाच बघू" म्हणूनही नाही.

मुलं म्हणतील, पकडतंय कोण? इथेच ती फसतात. पकडलं जाण्याची गरजच नसते. कुठलाही खटला नसला, शिक्षा नसली, तरी अमली पदार्थांचा कायदा मोडल्याची नुसती कबुली दिली तर परदेशी माणसाला प्रवेश नाकारता येतो, असं अमेरिकेचा इमिग्रेशनचा कायदा सांगतो. दिवाळीला घरी येऊन परतणारी मुलगी रांगेत उभी असते. अधिकारी बाजूच्या खोलीत नेतो. फोन बघायचा त्याला अधिकार आहे. त्यात मित्रांच्या घोळक्यातला एक फोटो. तो सहज विचारतो, कधी घेतलं आहेस का? आपली मुलगी सरळमार्गी. वर तिला ठाऊक असतं की राज्यात हे चालतं. ती म्हणते, हो, एकदा. झालं.

मग खोटं बोलावं का? मुळीच नाही. व्हिसाच्या कामात खोटं बोलल्याचा डाग आयुष्यभर पुसता पुसत नाही. त्याहून सोपं हे की त्या प्रश्नाला "नाही" हे खरंखुरं उत्तर देता यावं. आणि एखाद्यानं आधीच घेतलं असेल, तर त्याला ओरडू नका. त्याला इमिग्रेशनच्या वकिलाकडे न्या. पुढचा प्रवास करण्याआधी, पुढचा अर्ज भरण्याआधी. मित्राच्या सल्ल्यावर नको, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर नकोच.

ग्रीन कार्डवाल्यांनो, आपण सुटलो असं समजू नका. नागरिकत्वाचा अर्ज करताना सहसा मागच्या पाच वर्षांतलं वर्तन बघतात. एप्रिल 2019 मध्ये नागरिकत्व खात्यानं लेखी सांगून ठेवलं आहे: राज्यात मुभा असली तरी गांजाशी संबंध आला तर चांगल्या वर्तनाची अट मोडू शकते. गांजाच्या धंद्यातली नोकरीही त्यात आली. आमच्यात कोडिंग करणारे ढिगानं आहेत. गांजा घरपोच देणाऱ्या कंपनीनं बरा पगार देऊ केला, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी वकिलाला विचारा. पाच-दहा वर्षं रांगेत काढून मिळालेलं कार्ड आहे ते.

मी या राज्यांच्या कायद्यांच्या विरोधात नाही, हेही सांगून टाकतो. न्यू जर्सीत गोरे आणि काळे गांजा साधारण सारखाच ओढत, पण अटक मात्र काळ्यांना कितीतरी जास्त होई. ते थांबायलाच हवं होतं. मात्र त्या सगळ्या वादात, कर किती गोळा होईल आणि दुकानं कुठे उघडतील या गदारोळात, व्हिसावर राहणाऱ्या लाखो माणसांचं काय, हे फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही. तुमच्यापैकी जे नागरिक आहेत, ज्यांना मत आहे, त्यांनी आता ते सरकारच्या कानावर घालावं. तुमच्या आमदाराला पत्र लिहा. एवढंच मागा: प्रत्येक दुकानाच्या दारावर ठळक पाटी असावी, की नागरिक नसणाऱ्याला इथल्या खरेदीनं देशाबाहेर जावं लागू शकतं. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतात, मग इथे का नाही?

आता घरात या.

गांजा आता धुराच्या रूपातच येतो असं नाही. तो जेलीच्या गोळ्यांत येतो, चॉकलेटमध्ये येतो, कुकीत येतो. कॅलिफोर्नियात अशा एका गोळीत 10 मिलिग्रॅमपर्यंत नशेचा अर्क असतो आणि पाकिटात 100 पर्यंत. मोठा माणूस एक खातो. दोन वर्षांचं पोर पाकीट संपवतं, कारण त्याच्या लेखी तो खाऊच असतो. सहा वर्षांखालच्या मुलांनी असा खाऊ खाल्ल्याच्या अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी 2017 मध्ये 207 होत्या. 2021 मध्ये त्या 3,054 झाल्या.

आणि घरात फक्त पोरंच असतात का? सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी असतात. नातवाच्या रूममेटनं ओट्यावर ठेवलेलं पाकीट त्या उघडतात, गोड आहे म्हणून दोन तोंडात टाकतात. अर्धा-एक तास काहीच होत नाही. म्हणून आणखी एक. मग छाती धडधडते, जीव घाबरा होतो, आपण कुठे आहोत तेही उमगत नाही. घरच्यांना वाटतं, अर्धांगाचा झटका आला. तुमच्या घरात भाडेकरू असोत, पाहुणे असोत, मोठी झालेली मुलं असोत, स्पष्ट विचारा. असली वस्तू असेल तर बाहेर काढायला लावा. विषबाधेसाठीचा 1-800-222-1222 हा नंबर फ्रिजवर चिकटवा, आजच चिकटवा. माणूस शुद्धीवर नसेल किंवा श्वास अडकत असेल तर 911. लाजू नका. डॉक्टरला खरं काय खाल्लं ते सांगा, त्यावर उपचार ठरतो.

कुणी म्हणेल, आपल्याकडे महाशिवरात्रीला भांग चालतेच की. ही भांग नव्हे, बाबांनो. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात 1995 च्या सुमारास नशेचा अर्क 4 टक्क्यांच्या आसपास असे. आता तो 15 च्या घरात गेला आहे, आणि दुकानातल्या काही पदार्थांत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट. विशीतल्या मेंदूची जडणघडण अजून चालू असते. असा कडक माल रोज घेणाऱ्यांत भ्रम-भास होण्याचं प्रमाण जास्त आढळतं.

बॅगा भरताना तर दुप्पट सावध राहा. न्यू जर्सीतल्या एडिसनहून फिलाडेल्फियाला निघालात की नदीवरचा पूल ओलांडताच राज्य बदलतं, आणि पेनसिल्व्हेनियात मौजेचा गांजा चालत नाही. गाडी पुसून घ्या. भारतात येताना चुलतभावासाठी गंमत म्हणून एक पाकीट टाकणाऱ्यांनो, ते आत्ता बाहेर काढा. मुंबई विमानतळावर अमली पदार्थांविरुद्धचा 1985 चा एनडीपीएस कायदा लागतो. त्यात मिश्रणाचं पूर्ण वजन धरतात, म्हणजे तुमच्या पाकिटातली साखरसुद्धा मोजली जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ही रीत कायम केली आहे. दुसऱ्याची बॅग तर कधीच आणू नका, मग तो कितीही जवळचा असो.

महाराष्ट्रातल्या आईबाबांनो, कुकर, गोडा मसाला, स्वेटर यांची यादी तुम्ही केलीच असेल. आता मुलाला समोर बसवा. धमकी देऊ नका, शपथा घालू नका. नियम समजावून सांगा, वर दिलेला विमानतळावरचा प्रसंग सांगा आणि म्हणा, काहीही झालं तरी पहिला फोन मला कर. हे शेवटचं वाक्य विसरू नका. घाबरलेली मुलं फोन करत नाहीत. आणि भारतातच, देश सोडण्याआधीच, सवय लागली असेल तर लपवू नका. 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. आधी उपचार, मग विमान. एक सत्र पुढे गेलं तर काही बिघडत नाही.

आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तुमच्याकडे तर सगळे आयते जमतात. गणपतीत आरती आणि महाप्रसाद यांच्यामधली पंधरा मिनिटं द्या. तुमच्याच सभासदांत इमिग्रेशनचं काम करणारा एखादा वकील असेल, त्याला माइक द्या. नवे विद्यार्थी फुकट जेवायला म्हणून का होईना, येतातच. कार्यक्रमपत्रिका अजून छापायला गेली नसेल, तर आज रात्रीच अध्यक्षांना फोन करा.