लोणीकंद ओलांडले की बेल्ट सुटतो

प्रति,
माननीय पोलीस अधीक्षक,
पुणे ग्रामीण



पुण्याहून शिरूरकडे येणाऱ्या गाड्यांचे चालक एखाद्या संध्याकाळी नुसते बघत बसा. येरवडा, खराडी, वाघोलीपर्यंत छातीवर बेल्ट असतो. लोणीकंद मागे पडले की डावा हात सवयीने खाली जातो, खटका दाबला जातो आणि बेल्ट सरकन जागेवर परततो. सोलापूर रस्त्यावर हेच लोणी काळभोरनंतर घडते. या दोन्ही गावांची पोलीस ठाणी २०२१ मध्ये पुणे शहर आयुक्तालयाकडे गेली. म्हणजे शहर पोलिसांची हद्द संपते तिथेच बेल्टचीही संपते आणि आपली सुरू होते. आपल्याला हे वाचून बरे वाटणार नाही. पण शिरूर आणि दौंडमधल्या बेल्टविषयी बोलायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. आमच्याकडे बेल्ट पोलिसांसाठी लावतात. धडकेशी त्याचा काही संबंध आहे, हे कुणी मनावर घेतलेले नाही.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होते. फलक लागतात, गुलाबाची फुले दिली जातात, शाळेच्या मुलांची फेरी निघते. त्यामागचा समज असा की लोकांना माहीत नाही, म्हणून ते बेल्ट लावत नाहीत. लोकांना माहीत आहे. जुलै २०१९ मध्ये रायगड पाहून परतणारी यवत परिसरातली नऊ मुले कदमवाकवस्तीजवळच्या अपघातात गेली. अपघात म्हणजे काय, हे यवतला फलक लावून सांगायची गरज नाही. बीडचे नेते गोपीनाथ मुंडे जून २०१४ मध्ये दिल्लीतल्या अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर बेल्टविना होते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागे आणि बेल्टविना. बीडकडे जाणारी बरीच वाहतूक शिरूरवरून जाते. मुंड्यांची आठवण काढून हळहळणारी माणसे त्याच गाडीत मागे बेल्टविना बसलेली असतात.

मग कारणे काय? चौफुल्याच्या चहाच्या टपरीवर किंवा रांजणगावच्या वाहनतळावर चालकांशी बोला. कुणी लपवत नाही.

पहिले उत्तर हमखास असे: ‘आमच्या गावातला एकजण बाहेर फेकला गेला म्हणून वाचला, बेल्ट असता तर दाबून मेला असता.’ असा एकजण प्रत्येक गावात असतो, आणि तो पारावर बसून ही कथा सांगायला हयात असतो. फेकले गेले आणि गेलेच, त्यांची बाजू सांगायला पारावर कुणी येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसे देशभरात मेली. त्यातले ८,३८४ चालक होते. बेल्टमुळे पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका जवळपास निम्मा होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आकडा काही पारावर येऊन बसत नाही.

दुसरे उत्तर पाण्याचे आणि आगीचे. ‘गाडी कॅनॉलमध्ये गेली तर? पेट घेतला तर? बेल्ट सुटलाच नाही तर?’ या भीतीला मी हसणार नाही. दौंडमधून मुठेचा उजवा कालवा जातो, शिरूरमध्ये चासकमानचा आणि घोडचा. कालव्याकडेच्या अरुंद रस्त्यावरून रात्री गाडी नेणाऱ्याला ही भीती वाटणारच. पण बहुसंख्य अपघातांत ना आग असते ना पाणी, तिथे झाड असते, ट्रॉली असते, समोरून येणारा टेम्पो असतो. आणि गाडी कालव्यात गेलीच, तर बाहेर पडायला माणूस शुद्धीवर असावा लागतो. डोके काचेवर आपटलेला माणूस कोणता खटका दाबणार?

तिसरे उत्तर दैवाचे. ‘वेळ आली असेल तर पट्टा काय करणार?’ हे म्हणणाऱ्याच्या गाडीपुढे लिंबू-मिरची लटकत असते, डॅशबोर्डवर महागणपती असतो आणि नवी गाडी घेतल्यावर तो पहिल्यांदा रांजणगावला पूजेला गेलेला असतो. ज्याचा दैवावर इतका पक्का भरवसा आहे, तो दर शनिवारी लिंबू का बदलतो? आपले बरेवाईट काही अंशी आपल्या हातात आहे, हे त्याला मनातून पटलेले आहे. त्या यादीत बेल्ट अजून बसलेला नाही, एवढेच.

चौथे कारण कुणी तोंडाने सांगत नाही, पण डोळ्यांना दिसते. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर बेल्टची आडवी घडी पडते. लग्नसराईत, सभेला, जत्रेला निघालेल्या गाडीत ही घडी फार महागाची असते. पुढाऱ्यांच्या ताफ्यातल्या मोठ्या गाड्या बघा. पुढे बसलेल्यांच्या छातीवर क्वचितच पट्टा असतो, आणि त्या गाड्यांना कुणी अडवत नाही. पोरे तेच शिकतात. बेल्ट लावणारा तो नोकरदार किंवा घाबरट, न लावणारा तो वजनदार. आता कटू बोलतो: आपल्या खात्याच्या जीपही त्याच ताफ्यात असतात. त्यांत पुढे बसलेल्या किती जणांच्या अंगावर बेल्ट असतो, हे आपण स्वतः एकदा रस्त्याकडेला उभे राहून पाहा.

एका कारणापाशी मात्र मी चालकांच्या बाजूने थोडा झुकतो. पहाटे दूध गोळा करणारा पिकअप दर वस्तीवर थांबतो. कॅन उचलायचे, मापायचे, परत चढायचे. तासाभरात वीस वेळा बेल्ट लाव-काढ करा, असे सांगणाऱ्याने आधी एक फेरी त्याच्याबरोबर मारावी. तरकारीच्या गाड्यांचे तसेच. पण गोळा करणे संपल्यावर हाच पिकअप संकलन केंद्राकडे घाईने सुसाट सुटतो. तिथे बेल्ट हवाच, आणि एवढे मागितले तर तो ऐकेल. एकदम सगळे मागितले की माणूस काहीच देत नाही.

‘गावातल्या रस्त्यावर कशाला?’ हा सगळ्यांत घातक प्रश्न. न्हावरे ते केडगाव-चौफुला रस्ता घ्या. भीमेवरचा पारगावचा पूल ओलांडला की दोन तालुके जोडले जातात, आणि दोन्हीकडे ऊस. गाळप हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, कधी चाक फुटून रस्त्यातच. ताशी ५० किलोमीटर वेगात अशा ट्रॉलीवर आदळणे म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडणे. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर कुणी नातवाला मांडीवर घेऊन बसत नाही. गाडीत पुढच्या सीटवर मात्र आजोबा कौतुकाने बसतात.

गाडी बनवणाऱ्यांनी आपले काम केले आहे. तीन ठिकाणी अडकणारा आजचा बेल्ट निल्स बोहलिन या अभियंत्याने व्होल्वोसाठी केला, त्याला १९५९ पासून सहा दशके उलटली. जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत पुढचा बेल्ट न लावल्यास इशारा देणारा आवाज सक्तीचा आहे. आपल्या लोकांनी त्यावर उपाय शोधला: खोबणीत अडकवायची नुसती चकती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या कारवाईनंतर २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून अशा चकत्यांच्या १३,११८ जाहिराती उतरल्या. पण अशी चकती घ्यायला कुणाला संकेतस्थळ लागत नाही, रस्त्याकडेच्या दुकानातही ती मागता येते. नव्या गाडीवर घातलेल्या सीट कव्हरखाली मागचे बेल्ट कायमचे गाडले जातात, ते वेगळेच. बेल्ट न लावण्याची निवड पुष्कळदा गाडी घेतली त्या आठवड्यातच, सीट कव्हरच्या दुकानात झालेली असते.

दंडाचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब मध्ये एक हजार रुपये लिहिले आहेत. पण ई-चलान जाते मालकाच्या मोबाईलवर आणि गाडी चालवतो तिसराच. थकलेली चलाने लोकअदालतीत कमी पैशांत मिटतात, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. उलट काही मोठ्या कंपन्यांच्या फाटकावर बेल्ट दिसल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत, आणि तोच चालक तिथे कुरकुर न करता बेल्ट लावतो. तिथे फाटक रोज असते. आपली मोहीम आठवडाभर असते.

म्हणून आपल्याकडे मागणे थोडेच आहे. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव एमआयडीसी, दौंड आणि यवत या पाच ठाण्यांच्या हद्दीत गेल्या वर्षी मोटारीतले जे अपघातात दगावले, त्यांपैकी किती जणांनी बेल्ट लावला होता? अपघाताच्या नोंदीत हा रकाना असतो. तो आकडा, नावे न देता, दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा. देशाचा आकडा आम्हाला शिवत नाही, पारगावच्या पुलाचा आणि पाटसच्या टोलनाक्याचा शिवेल. चकत्या विकणाऱ्या आणि बेल्ट झाकणाऱ्या दुकानांना एकदा भेट द्या, आधी समज, मग कारवाई. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर गाळप सुरू होण्याआधीच कारखान्यांच्या आवारात लावून घ्या, म्हणजे ‘आमच्याकडे बेल्ट मागता आणि त्यांना मोकळे सोडता’ हे बोलायला जागा उरणार नाही. आणि तपासणी महामार्गावर कमी, न्हावरे, केडगाव, तळेगाव ढमढेरे अशा आतल्या चौकांत जास्त करा.

न्हावऱ्याच्या चौकात ती सुरू कराल, तेव्हा अडवलेली पहिली गाडी शक्यतो ‘पोलीस’ पाटीची असू द्या. दुसरी कुणाची असावी, हे आपल्याला सांगायला नको.

आपला विश्वासू,
न्हावरे-केडगाव रस्त्यावरचा एक चालक