बाण नाही, म्हणून घड्याळ खोटे?

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, आणि त्यांच्या मागोमाग आमच्या मोडनिंबात जुन्या वस्तू घेणारेही येतात. पितळ, तांबे, फुटकी बादली नेणाऱ्यांशी माझे भांडण नाही. साड्यांवर भांडी देणारी बोहारीणही आपल्या जागी ठीक आहे. माझे भांडण आहे ते हल्ली ‘मिलिटरीचे घड्याळ’ मागत दारोदार फिरणाऱ्यांशी. घरात कोणी पलटणीत होते का, एवढे विचारायचे; घड्याळ हातात आले की उलटे करून पाठ पाहायची; आणि ओठ मुरडून म्हणायचे, “बाण न्हाई, मावशी. साधंच हाय.” मग साध्या घड्याळाचा भाव, म्हणजे दिवाळीचे तेलसुद्धा येणार नाही इतका.

हा बाण म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. पक्ष्याच्या पायाच्या ठशासारखी तीन रेघांची ती खूण ब्रिटिश सरकार आपल्या मालकीच्या वस्तूंवर मारीत असे. लग्नातल्या पातेल्यावर आपण नाव घालून घेतो, त्यातलाच हा प्रकार. बाण मालकीचा असतो, शौर्याचा नव्हे. ज्याने ते घड्याळ मनगटावर बांधून चिखल तुडवला, त्याच्याविषयी बाण एक अक्षर सांगत नाही.

बाणाच्या घड्याळांना बाजारात मोल आहे, हे मी नाकारीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ब्रिटिश लष्कराने एकाच नमुन्याची मनगटी घड्याळे बारा नावांकडून घेतली : ब्युरेन, सायमा, इटर्ना, ग्राना, आय. डब्ल्यू. सी., जेगर-लकुल्त्र, लेमानिया, लाँजिन, ओमेगा, रेकॉर्ड, टायमर आणि व्हर्टेक्स. काळी तबकडी, अंधारात दिसणारे काटे, पाणी न शिरणारी डबी, आणि पाठीवर बाणाबरोबर डब्ल्यू हे अक्षर तीनदा. बारांचा संच जमवण्याच्या नादात शहाणीसुरती माणसे वर्षानुवर्षे घालवतात, आणि बहुतेकांचे घोडे ग्रानापाशी अडते, कारण ती सर्वांत दुर्मीळ. हौसेला मोल नसते, असे म्हणतात. मोजणाऱ्याने मोजावे.

पण जे घड्याळ सरकारचे, ते सरकारजमा करायचे असते, एवढी साधी गोष्ट या बाणभक्तांच्या ध्यानात येत नाही. लष्कराने स्वतःहून विकून टाकलेल्या मालावर पहिल्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा उलटा बाण मारण्याची रीत होती. आता ही वस्तू आमची नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा पेन्शनीत घरी आलेल्या शिपायाच्या ट्रंकेत बाणाचे घड्याळ सापडले नाही, तर त्यात कमीपणा कसला? सरकारचे होते ते तो सरकारला देऊन आला, एवढेच.

मग त्याच्या ट्रंकेत काय सापडते? त्याने पगारातून पैसे साठवून घेतलेले घड्याळ. आपल्या भागात ते पुष्कळदा ‘वेस्ट एंड’चे असते. मुंबईत पेढी असलेल्या या स्विस कंपनीने घड्याळाचे नावच ‘सोवार’ ठेवले. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडदळातला शिपाई. पुढच्या पिढीच्या ट्रंकेत एच. एम. टी. सापडते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला हा कारखाना उभा राहिला आणि त्याने लष्करातल्या माणसांसाठी ‘जवान’ नावाचे चावीचे घड्याळ काढले. घड्याळांचा हा उद्योग बंद करण्याला सरकारने २०१६ साली मंजुरी दिली, आणि त्याबरोबर ‘जवान’चे भाव चढले. भाव चढले की बनावट येतेच.

आता खरी लबाडी ऐका. “बाण न्हाई” म्हणून कवडीमोलाने नेलेले घड्याळ एखाद्या कारागिराच्या टेबलावर जाते. जुनी तबकडी खरवडून नवी रंगवतात, डबी घासून आरशासारखी करतात, आत तिसऱ्याच घड्याळाची चाके घालतात, आणि पाठीवर कोरतात... बाण! मावशीच्या दारात जे साधे होते, ते मुंबईच्या बाजारात महायुद्धातून आलेले होते. परदेशचे ग्राहकही अशी घड्याळे ओळखू लागले आहेत. असल्या रंगवलेल्या, जोडजाड केलेल्या मालाला ते ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचे नाव जगात कशासाठी गाजावे, याला काही मर्यादा?

ही लबाडी ओळखणे अवघड नाही. साठ-सत्तर वर्षांच्या घड्याळाची तबकडी काल छापल्यासारखी लखलखत असेल, अक्षरे फुगलेली किंवा वाकडी असतील, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नसतील, तर ती रंगवलेली समजावी. जाणत्या घड्याळजीकडून पाठ उघडून घ्यावी : तबकडीवर एक नाव आणि यंत्रावर भलतेच, असे असेल तर पुढे बोलणेच नको. डबीच्या कडा झिजून गोल झाल्या असताना बाण मात्र धारदार असेल, तर तो बाण डबीपेक्षा तरुण आहे. आणखी एक खूण रात्रीची. १९४५च्या काट्यांवर रेडियमचा लेप असे. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. पण त्याच्यासोबतचा जो पदार्थ प्रत्यक्ष उजेड देतो, तो काही वर्षांतच थकतो. म्हणून त्या काळचे म्हणवणारे घड्याळ रात्री काजव्यासारखे चमकत असेल, तर लेप नवा आहे. उलट, जे चमकत नाही ते निरुपद्रवी, असे मात्र समजू नये. उजेड गेला तरी रेडियम जागेवरच असते. त्या काट्यांवरची पूड नखाने खरवडू नये, आणि असले घड्याळ पोरांच्या हाती खेळायला देऊ नये.

आमच्याकडचे हौशी लोक दुसरे टोक गाठतात. दिवाळीला घर रंगवले, मग आजोबांचे घड्याळ का नको? आणि बिचारे घड्याळ चकचकीत होऊन येते. तेलपाणी करावे, तुटलेली काच बदलावी; पण तबकडी रंगवू नये. डागाळलेली, पिवळी पडलेली मूळ तबकडी हाच त्या वस्तूचा दाखला आहे. दाखल्यावर कोणी नवी शाई फिरवतो का?

कोणी म्हणेल, पोटाला हवे त्याने घड्याळ का विकू नये? जरूर विकावे. गरजेपुढे आठवणींचे ओझे वाहायला सांगणाऱ्यांतला मी नव्हे. पण विकताना वस्तूबरोबर तिचा पुरावाही मांडावा : पलटणीचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, गणवेशातला फोटो, पदक. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. घड्याळाला ती सोय नाही, म्हणून हे कागद त्याच्याजवळ राहिले पाहिजेत. मराठा पलटणी १९१६ साली कुतच्या वेढ्यात होत्या आणि १९४४-४५ साली इटलीत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच इटलीच्या मोहिमेत. तिकडून परतलेल्या एखाद्या साध्या शिपायाचे बाण नसलेले सोवार आणि त्याचे डिस्चार्ज बुक एकत्र असेल, तर अनामिक बाणापेक्षा मी ते कधीही श्रेष्ठ मानीन. घेणाऱ्यांपैकी जाणते लोकही अशा जोडीला जास्त पैसे मोजतात. दारावर येणारा मात्र म्हणतो, “कागुद ठिवा तुमच्याजवळच, आमाला काय करायचंय?” कागद सोबत असला की त्याला बाण कोरता येत नाही ना!

यंदा आमच्या आळीत मी घरोघर सांगून ठेवले आहे : घड्याळ दाखवायचे ते कागदांसकट, आणि भाव ऐकून लगेच द्यायचे नाही. परवा त्यांतल्या एकाने मला चावडीपाशी गाठून विचारले, “मास्तर, आमच्या पोटावर का पाय देता?” मी त्याला म्हटले, बाण कोरायची हत्यारे आधी दाखव, मग पोटाचे बोलू. तो मोटारसायकलला लाथ मारून टेंभुर्णीच्या दिशेने गेला.