इंजिनाचा भाव सांगू नका, आधी चॅसी बघा



अमेरिकेतले जुन्या पिकअपचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. 1950 सालची शेवरोलेट 3100, गंजलेली, शेतात पडलेली. वीस मिनिटांत तिच्यात नवं व्ही-8 इंजिन बसतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लागतो आणि गाडी रस्त्यावर पळते. मग प्रश्न ठरलेला: "सर, असं गॅरेज टाकलं तर चालेल का?"

माझं मत स्पष्ट आहे. त्या व्हिडिओत जे पटकन पुढे ढकललं जातं, तिथेच धंदा तरतो किंवा बुडतो. ते म्हणजे चॅसीचं काम.

गंमत बघा. त्या गाडीचं मूळ सहा सिलिंडरचं इंजिन साधारण 90 हॉर्सपॉवरचं. त्याचं वजन पुढे एका माउंटिंगवर आणि मागे बेल हाऊसिंगच्या दोन्ही बाजूंना पेललेलं. तिथला क्रॉस मेंबर चॅसीला रिव्हेट केलेला असतो. नवा गिअरबॉक्स लांब आणि रुंद, तो मेंबर नेमका त्याच्या वाटेत येतो. तो काढायचा तर रिव्हेटची डोकी ग्राइंडरने उडवावी लागतात. पण तो मेंबर चॅसीच्या दोन्ही पट्ट्या धरून ठेवत असतो, हे विसरलात की संपलं! आधी तात्पुरता आडवा आधार लावायचा, कर्णाची दोन्ही मापं टेपने घेऊन लिहून ठेवायची, मगच ग्राइंडर हातात घ्यायचा. नाहीतर पट्ट्या सरकतात आणि पुढे कुठलंच भोक जुळत नाही.

पुढे ऐका. या गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत असतो. नव्या गिअरबॉक्सला उघडा शाफ्ट लागतो, म्हणून बहुतेक वेळा मागचा अ‍ॅक्सलही बदलावा लागतो. ऑइल चेंबर पुढच्या मेंबरला घासतो का, सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला लागतो का, हे रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स ठेवून बघावं लागतं. इंजिन मागच्या बाजूला साधारण तीन अंश खाली झुकलेलं हवं आणि डिफरन्शियलचा कोन त्याच्याशी जुळला पाहिजे, नाहीतर गाडी वेगात थरथरते. हे सगळं जमेपर्यंत माउंटिंगला नुसते टॅक मारायचे, पक्कं वेल्डिंग नाही. नवं इंजिन अडीचशे हॉर्सपॉवरच्या वरचं असेल, तर उघड्या सी आकाराच्या चॅसीला पट्टी लावून ती काही ठिकाणी पेटीसारखी बंद करावी लागते. गिअरबॉक्सखालचा नवा मेंबर मात्र बोल्टचाच ठेवावा. उद्या गिअरबॉक्स उतरवायचा झाला तर परत कापाकापी नको.

आता सांगा, ग्राहक फोनवर विचारतो "इंजिन बदलायला किती घ्याल?" आणि तुम्ही आकडा सांगून मोकळे होता. समजा 30 तासांचा भाव दिलात आणि रंगाखालून गंज निघाला, काम 50 तासांवर गेलं. वरचे 20 तास तुमच्या खिशातून गेले. म्हणून गाडी उघडून बघण्याचे पैसे वेगळे घ्या आणि चॅसी मोजल्यावरच लेखी भाव द्या. ग्राहक कुरकुर करेल, करू दे. जो तपासणीचे पैसे द्यायला तयार नाही, तो वरचे 20 तासही देणार नाही.

तिकडे कितीतरी छोटे लोक अख्खी गाडी बनवतच नाहीत. ते फक्त माउंटिंगच्या पट्ट्या आणि बोल्टने बसणारे क्रॉस मेंबर तयार करून विकतात. एकदा जिग बनवला की तोच माल पुन्हा पुन्हा. मला विचाराल तर खरी हुशारी तिथे आहे.

आणि आपल्याकडे? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसी बुकातला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. मान्यताप्राप्त किटने इंधन बदलणं वगैरे मोजकेच अपवाद. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. तेव्हा अशा गॅरेजसाठी गाळा बघितला असेल, तर डिपॉझिट देण्याआधी आरटीओत जा, कुठला बदल चालतो ते लेखी विचारा आणि उत्तर हातात येईपर्यंत लोनच्या अर्जावर सही करू नका.