बाळ रडलं नाही, तेव्हा

“जन्मल्यावर बाळ रडलं नाही, काचेत ठेवलंय.” हे वाक्य ऐकले नाही असे घर आपल्या वस्तीत क्वचितच सापडेल. त्यातली काही बाळे चार दिवसांत घरी येतात. काही येतच नाहीत. काही येतात, पण वर्ष झाले तरी मान धरत नाहीत, झटके येत राहतात. मग कोणी नजर काढते, कोणी म्हणते, पोरीने ग्रहणात विळी हातात घेतली होती. बिचाऱ्या आईला जन्मभर ते ऐकून घ्यावे लागते. वाचकहो, जन्माच्या सुमारास बाळाच्या मेंदूला रक्त आणि प्राणवायू कमी पडला की असे होऊ शकते. ग्रहणाचा त्यात काडीचा संबंध नाही.

या एका प्रश्नामागे लागलेले डॉक्टर म्हणजे सुधीन तय्यिल. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ते प्राध्यापक आहेत. मेलेल्या बाळाची चिरफाड न करता, एमआरआय आणि रक्ताच्या तपासणीवरून मृत्यूचे कारण कळते का, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी गर्भ व मुले मिळून 400 जणांवर तपासले. 2013 साली ते छापून आले. बऱ्याचशा वेळी उत्तर तेच निघाले. पोटच्या गोळ्याची चिरफाड कोणत्या आईला सोसवते?

पण आम्हाला सांगायचे आहे ते त्यांच्या पुढच्या कामाविषयी. न रडलेल्या बाळाचे अंग सहा तासांच्या आत 33 ते 34 अंशांपर्यंत गार करायचे आणि 72 तास तसेच ठेवायचे, असा उपचार श्रीमंत देशांत रूढ झाला. 2005 पासूनच्या मोठ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला होता. आपल्याकडेही अनेक रुग्णालयांत गार पिशव्या लावून तो सुरू झाला. तिकडे चालते म्हणजे इकडे चालणारच, असा हिशेब!

तय्यिल यांनी हा हिशेब तपासायचे ठरवले. 2015 ते 2019 या काळात भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत 408 बाळे घेतली. आपले सायन हॉस्पिटलही त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून 202 बाळांना गार केले, 206 बाळांना नेहमीची शुश्रूषा दिली. 2021 साली निकाल आला. गार केलेल्यांपैकी 84 बाळे दगावली, दुसरीकडे 63. मृत्यू आणि मोठे अपंगत्व एकत्र धरले तर दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास. म्हणजे फायदा नाहीच, उलट मृत्यू जास्त.

इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर असा निकाल आला की माणसाला तो गुळगुळीत करून सांगण्याचा मोह होतो. यांनी स्वच्छ लिहिले: गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, चांगला अतिदक्षता विभाग असला तरी, हा उपचार देऊ नये.

गरिबाच्या बाळावर प्रयोग कशाला, हे आमच्याही मनात आले, आणि ते विचारलेच पाहिजे. पण न मोजता सरसकट गार करत राहणे, तोही प्रयोगच होता. फक्त त्याची नोंद कुठे राहिली नसती.

इकडे उपयोग का झाला नाही? आपल्याकडच्या बाळांच्या मेंदूच्या चित्रांवरून असे वाटले की इजा शेवटच्या क्षणी होत नसावी, बरीच आधी सुरू होत असावी. मग जन्मानंतर गार करून काय होणार? म्हणून तय्यिल यांचे पुढचे काम दक्षिण भारतातील सरकारी रुग्णालयांत, थेट प्रसूतीच्या खोलीत सुरू झाले: कळा चालू असताना बाळाचे ठोके नीट पाहणे, कळांचा तक्ता ठेवणे, आणि बाळंतिणीजवळ सोबतीला कोणीतरी असणे.

ही सोबत आपल्या हक्काची आहे. घरची एखादी बाई, शक्यतो स्वतः बाळंतपण भोगलेली, आत ठेवायला केंद्र सरकारने 2016 सालीच सरकारी दवाखान्यांना मान्यता दिली. तरी पोरगी आत एकटी आणि आई बाहेरच्या बाकड्यावर, हे आम्ही अजून पाहतो. नाव नोंदवायला जाल तेव्हाच विचारून ठेवा. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात खिडकीवरून उत्तर मिळाले की असा नियमच नाही. आम्ही चार कार्यकर्त्यांनी अर्ज लिहून दिला, पोच घेतली. उत्तराची वाट पाहत आहोत.